गेवराईची दुपार, लंडनची सकाळ

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुमचे कुटुंब लंडन पाहायला निघाले आहे. गाव गेवराई, जिल्हा बीड. निघालेली माणसे चार : आई, वडील, नववीत शिकणारे तुम्ही आणि पाच वर्षांची तुमची धाकटी बहीण. तिला आपण छकुली म्हणू. आजी मात्र घर सांभाळायला गेवराईतच राहिली आहे.

छकुलीला घड्याळ कळत नाही आणि नकाशाही कळत नाही. भूक लागली की ती खायला मागते, झोप आली की असेल तेथे आडवी होते आणि कान दुखला की रडते. मोठी माणसे घड्याळाकडे पाहून भूक आवरतात, झोप परतवतात. छकुली असे काही करत नाही. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती तुमच्या सामानातले एक उत्तम उपकरण आहे. दाब बदलला, प्रकाश बदलला की ते उपकरण लगेच नोंद देते. फक्त ती नोंद रडण्याच्या रूपाने येते. ती वाचता आली तर सहल सुखाची होईल आणि पुष्कळसे विज्ञानही कळेल.

या सहलीत छकुलीच्या तीन तक्रारी ठरलेल्या आहेत. विमानात : "कान दुखतो." लंडनच्या पहिल्या संध्याकाळी : "रात्र का होत नाही?" आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी : "मला झोपायचंय." या तक्रारींचा माग काढत आपण ग्रीनिचच्या प्रसिद्ध रेषेपर्यंत जाऊ. तेथे पोचल्यावर गेवराईविषयी एक गोष्ट कळेल. ती गेवराईतल्याही अनेकांना ठाऊक नसेल.

घाटातला कान आणि विमानातला कान

गेवराईहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. तेव्हा कानात दडे बसतात, हा अनुभव तुम्हाला असेल. घाटात आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो आणि हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. एवढ्या बदलाचीही कानाला जाणीव होते. विमानात हाच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडतो.

प्रवासी विमान सुमारे ११ किलोमीटर उंचीवरून जाते. तेथे बाहेरचे तापमान शून्याखाली ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी असतो. अशा हवेत माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. पण ती समुद्रसपाटीइतक्या दाबाने भरत नाहीत. तसे केले तर विमानाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर सुमारे आठ टनांचा रेटा बसेल आणि तो सोसण्यासाठी विमान फार जड बांधावे लागेल. म्हणून तडजोड करून आतला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानातले सर्व प्रवासी कळसूबाईपेक्षाही उंच अशा एका डोंगरावर बसलेले असतात!

आता कानाची रचना आठवा. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्णाची छोटी पोकळी असते आणि तिच्यात हवा असते. ही पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

विमान वर चढताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि नळीतून घशाकडे सहज निसटते. त्यामुळे चढताना फारसा त्रास होत नाही. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढू लागतो आणि बाहेरची हवा आत यावी लागते. नळीचे घशाकडचे तोंड मऊ असते. ते वाढत्या दाबाने झडपेसारखे अधिकच घट्ट मिटते. लहान मुलांची ही नळी मोठ्या माणसांच्या नळीपेक्षा आखूड, अरुंद आणि जास्त आडवी असते. म्हणून तीच हवा, तोच दाब, पण छकुली रडते आणि वडील मात्र वर्तमानपत्र वाचत असतात.

तिच्या पडद्यावर किती बल पडू शकते, याचा हिशेब करू. २,४०० मीटर उंचीवरचा हवेचा दाब सुमारे ७६,००० पास्कल, समुद्रसपाटीवरचा सुमारे १,०१,००० पास्कल. फरक २५,००० पास्कल. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००००६ चौरस मीटर धरा. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे दीड न्यूटन. नळी एकदाही उघडली नाही, तर त्या इवल्या पडद्यावर दीडशे ग्रॅमचे वजन ठेवल्यासारखे होईल. एवढा फरक साठण्याच्या पुष्कळ आधीच कान ठणकू लागतो.

यावर उपाय साधा आहे. विमान उतरू लागण्यापूर्वी छकुलीला झोपेतून उठवा, कारण झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. तिला घोट घोट पाणी प्यायला द्या. तान्हे बाळ असेल तर त्याला उतरताना दूध पाजावे. छकुली रडलीच तर रागावू नका. रडतानाही नळी उघडते! एवढ्या लहान मुलाला कडक गोळी चघळायला देऊ नये, ती घशात अडकू शकते. आणि सर्दी किंवा कानाचे दुखणे असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

बॉइलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. त्याचा एक प्रयोग विमानातच करता येईल. विमान उंचावर असताना पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. मुंबईहून निघताना घेतलेले चिवड्याचे हवाबंद पाकीट तेव्हा टम्म फुगलेले दिसेल. विमान उतरले की बाटली बाहेर काढा. ती चेपलेली असेल. एक लिटरच्या बाटलीतली हवा आता सुमारे पाऊण लिटर जागेत मावली आहे. छकुलीच्या कानात जे घडत होते, ते बाटलीने डोळ्यांना दाखवले.

"रात्र का होत नाही?"

समजा, विमान १६ मे रोजी दुपारी एक वाजता मुंबईहून निघाले आणि दहा तासांनी लंडनला उतरले. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले आहेत. पण लंडनच्या विमानतळावरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहाच झाले आहेत आणि बाहेर स्वच्छ ऊन आहे. आजी गेवराईत झोपलीसुद्धा. छकुली विचारते, रात्र का होत नाही?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. म्हणून आकाशात सूर्य आपल्याला तासाला १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतो. दहा तासांत तो १५० अंश सरकला. पण त्याच दहा तासांत तुमचे विमानही मुंबईच्या रेखांशापासून लंडनच्या रेखांशापर्यंत सुमारे ७३ अंश पश्चिमेकडे गेले. १५० मधून ७३ वजा करा. उरले ७७ अंश. म्हणजे विमानात बसलेल्या छकुलीच्या आकाशात सूर्य ७७ अंशच पुढे सरकला. त्याला पाच तासांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. तिने खुर्चीत दहा तास काढले, पण सूर्याच्या हिशेबाने पाचच!

त्या दिवशी मुंबईत सूर्योदय सहाच्या सुमारास झाला. लंडनमध्ये मेच्या मध्यास सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून सव्वा वाजलेला असतो. म्हणजे छकुलीचा तो एक दिवस सव्वाएकोणीस तासांचा झाला. यातला बराचसा भाग पश्चिमेकडे केलेल्या प्रवासाचा आहे. थोडा भाग मात्र लंडन पुष्कळ उत्तरेला असल्याचा आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस मोठा असतो. मेच्या मध्यास मुंबईचा दिवस तेरा तासांचा, तर लंडनचा पावणेसोळा तासांच्या आसपास असतो.

छकुलीचे घड्याळ

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही लंडनचे एखादे संग्रहालय पाहत आहात. साडेचार वाजले आहेत. समोर डायनोसॉरचा सांगाडा आहे आणि छकुली वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपली आहे. कितीही हलवले तरी उठत नाही. तीच छकुली पहाटे तीन वाजता टक्क जागी होऊन खायला मागत होती. ती हट्टी आहे असे कोणी म्हणेल. पण भारतीय वेळ काढून पाहा : दुपारचे साडेचार म्हणजे गेवराईचे रात्रीचे नऊ. पहाटेचे तीन म्हणजे गेवराईचे सकाळचे साडेसात. छकुली अगदी वेळेवर वागते आहे. वेळ मात्र गेवराईची आहे.

खिशातल्या मोबाइलने विमानातून उतरताच आपली वेळ बदलली. शरीराला ते जमत नाही. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू मेंदूत जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. झोप, भूक, शरीराचे तापमान यांची लय त्याच्या तालावर चालते. पेशीतील कोणती जनुके ही लय सांभाळतात, याचा शोध लावल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशाने लागते आणि दिवसाला साधारण तासभरच सरकते. साडेचार तासांचा फरक भरून यायला म्हणूनच चार-पाच दिवस लागतात.

पूर्वी ही अडचण नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा प्रवास बोटीचा होता. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला होता, तरी त्या मार्गानेही काही आठवडे लागत. समजा, २५ दिवस लागले. मुंबई आणि लंडन यांच्या स्थानिक वेळांतला फरक सुमारे पाच तासांचा, म्हणजे ३०० मिनिटांचा. भागाकार करा : दिवसाला बारा मिनिटे. रोज बारा मिनिटे उशिरा झोपायचे, एवढेच. कोणत्याही बाळाच्या शरीराला हे सहज जमते. विमानाने प्रवासाचे दिवस वाचवले आणि तो बारा-बारा मिनिटांचा हप्ता एकरकमी भरण्याची वेळ आणली.

सहलीची आखणी करताना याचा उपयोग होतो. पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाची ठिकाणे सकाळी पाहावीत. तेव्हा छकुली ताजीतवानी असते. संध्याकाळी तिला खोलीत बसवू नये. बागेत, उजेडात खेळवावे. संध्याकाळचा प्रकाश शरीराचे घड्याळ मागे ढकलतो, आणि पश्चिमेला गेल्यावर तेच हवे असते. पहाटे तीनला ती जागी झाली, तर दिवे लावून खेळ मांडू नये. आणि आजीने गेवराईहून सकाळी सातला फोन केला, तर लंडनमध्ये रात्रीचे अडीच वाजलेले असतील, हे निघण्यापूर्वीच तिला सांगून ठेवावे!

परतीचा प्रवास अधिक जड जातो. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो आणि शरीराला लवकर झोपावे लागते. माणसाच्या शरीराचे घड्याळ स्वभावतः २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालते. म्हणून त्याला मागे रेंगाळणे सोपे, पुढे धावणे अवघड.

सावली काय सांगते?

१७ मेच्या दुपारी, सूर्य सर्वांत उंच असताना, छकुलीला लंडनच्या एखाद्या बागेत उन्हात उभी करा. सुमारे एक मीटर उंचीच्या छकुलीची सावली ६३ सेंटिमीटर भरेल. आता आजीला फोन करून विचारा. गेवराईचे अक्षांश १९ अंश १६ कला उत्तर. मेच्या १६-१७ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो. अंगणातल्या खांबाची सावली त्या वेळी नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. तो पुन्हा जुलैच्या २६-२७ तारखेला येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

गेवराईत शून्य आणि लंडनमध्ये ६३ सेंटिमीटर. त्रिकोणमितीने काढले तर लंडनचा सूर्य डोक्यापासून सुमारे ३२ अंश कललेला होता. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. ३२ ला १११ ने गुणा. लंडन गेवराईपेक्षा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अधिक उत्तरेला आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने अशाच दोन सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला होता.

येथे एक गंमत पाहा. लंडनमध्ये सूर्य सर्वांत उंच आला, तेव्हा तेथल्या घड्याळात बारा नव्हे, तर एकला चार मिनिटे कमी होती. गेवराईत तोच क्षण बारा वाजून तेवीस मिनिटांनी आला होता. बाराच्या ठोक्याला मध्यान्ह कोठेच झाली नाही. असे का? त्यासाठी ग्रीनिचला जायला हवे.

शून्याची रेषा

लंडनमधील ग्रीनिच येथे टेकडीवर एक जुनी वेधशाळा आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ती १६७५ साली स्थापन केली. आता तेथे संग्रहालय आहे. अंगणात धातूची एक पट्टी बसवलेली आहे. एक पाय पट्टीच्या पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला ठेवून छायाचित्र काढण्यासाठी तेथे जगभरच्या पर्यटकांची रांग लागते. हेच मूळ रेखावृत्त, शून्य रेखांश.

हे शून्य तेथेच का? विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यानेच ठरते. अक्षांशाचे शून्य निसर्गाने दिलेले आहे. रेखांशाचे तसे नाही. ते कोठूनही मोजता येतात. पूर्वी निरनिराळी राष्ट्रे आपापल्या वेधशाळेपासून मोजत. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांची परिषद भरली आणि तिने ग्रीनिचची निवड केली. त्यामागे मोठे कारण व्यवहाराचे होते : जगातील सुमारे ७२ टक्के जहाजवाहतूक तेव्हाच ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरत होती. फ्रान्सने मतदान केले नाही आणि पुढे १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ पाळली.

याच संग्रहालयात जॉन हॅरिसनची घड्याळे आहेत. समुद्रावर आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत, हे कळायचे तर मूळ ठिकाणची वेळ बरोबर सांगणारे घड्याळ जहाजावर हवे. हॅरिसन सुतारकाम करणारा कारागीर होता. त्याचे चौथे घड्याळ १७६१ साली त्याचा मुलगा विल्यम याने जहाजातून जमैकाला नेले. ८१ दिवसांच्या प्रवासात ते सुमारे पाच सेकंदच चुकले. छकुली शरीरात गेवराईची वेळ घेऊन लंडनला आली, तसे ते घड्याळ इंग्लंडची वेळ घेऊन जमैकाला गेले. फरक एवढाच की त्याला कोणी झोपवत नव्हते!

रेषेवर उभे राहून मोबाइलवर आपले स्थान पाहा. रेखांश शून्य दिसणार नाही. तेथून पूर्वेला सुमारे १०२ मीटर चालत गेलात तर शून्य येईल. मग पट्टी चुकीची आहे का? नाही. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८५०-५१ मध्ये ही रेषा ठरवणारी दुर्बीण बसवली. पाऱ्याच्या स्थिर पृष्ठभागावरून त्याने ऊर्ध्व दिशा ठरवली. पारा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला काटकोनात स्थिरावतो. पण पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले नाही, त्यामुळे ओळंबा जागोजागी किंचित कलतो. उपग्रह मात्र पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. म्हणून दोन शून्यांत १०२ मीटरचे अंतर पडले. या फरकाचा नीट उलगडा शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये केला.

गेवराईजवळून जाणारी रेषा

ग्रीनिचच्या किती तरी शतके आधी भारतीय ज्योतिर्गणितालाही शून्याची एक रेषा होती. ती लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाते असे मानत. यातली लंका म्हणजे विषुववृत्तावरचा एक कल्पित बिंदू. ग्रहगणित उज्जयिनीच्या वेळेसाठी करायचे आणि मग आपल्या गावासाठी पूर्व-पश्चिम अंतराची दुरुस्ती करायची, अशी पद्धत होती. या दुरुस्तीला 'देशांतर' म्हणतात. पंचांगकर्त्यांना हा शब्द आजही परिचित आहे.

आता नकाशा उघडा. उज्जैनचे रेखांश ७५ अंश ४६ कला पूर्व. गेवराईचे रेखांश ७५ अंश ४५ कला पूर्व. फरक एका कलेच्या आसपास, म्हणजे जमिनीवर दोन-चार किलोमीटर! उज्जैन गेवराईच्या जवळजवळ थेट उत्तरेला सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरवर आहे. दोन्हीकडे मध्यान्ह काही सेकंदांच्या फरकाने होते. जुन्या हिशेबाने गेवराईचे देशांतर जवळजवळ शून्य आहे. ज्या शून्याच्या रेषेवर पाय ठेवायला हे कुटुंब सात हजार किलोमीटर गेले, तसल्याच एका रेषेच्या शेजारी त्यांचे घर आहे.

म्हणून उज्जैनची रेषा खरी आणि ग्रीनिचची खोटी, असे मात्र समजू नका. शून्य कोठे मांडायचे हा माणसांचा करार असतो. भारतातही असे करार बदलले आहेत. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ती जुनी वेळही १९५५ पर्यंत चालू होती. इंग्लंडमध्ये १९१६ पासून उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. म्हणून मेमध्ये आपला आणि त्यांचा फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा असतो. घड्याळे करार पाळतात. सावलीला आणि छकुलीच्या झोपेला तो करार माहीत नाही.

करून पाहा

लंडनला न जाताही आपल्या गावाचे रेखांश काढता येतात. साहित्य : मीटरभर सरळ काठी, ओळंबा, दोरी, खडू आणि बरोबर लावलेले घड्याळ.

१. सपाट जागेवर काठी उभी करा. ती सरळ आहे की नाही हे ओळंब्याने तपासा.

२. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकातून जाणारे वर्तुळ काढा. त्याचा मध्य काठीच्या बुंध्याशी हवा. वेळ नोंदवा.

३. सावली आधी आखडेल आणि दुपारनंतर वाढेल. तिचे टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, ती वेळ नोंदवा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमची मध्यान्ह. उदाहरणार्थ, १०-४० आणि २-०७ यांच्या मधली वेळ १२ वाजून साडेतेवीस मिनिटे.

सूर्याकडे थेट पाहू नका. आपल्याला फक्त सावली हवी आहे.

मध्यान्हीची वेळ वर्षभर सारखी नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून ती मागेपुढे होते. गेवराईची सरासरी मध्यान्ह १२-२७ ला होते. पण ११ फेब्रुवारीच्या सुमारास ती १२-४१ ला आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास १२-११ लाच होते. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास ही दुरुस्ती जवळजवळ शून्य असते. अशा दिवशी प्रयोग केला, तर बारानंतरच्या मिनिटांना ४ ने भागा आणि उत्तर ८२.५ मधून वजा करा. गेवराईसाठी २७ भागिले ४ म्हणजे ६.७५, वजा केल्यावर ७५.७५ अंश. तुमचे गाव ८२.५ अंशांच्या पश्चिमेला आहे म्हणून वजाबाकी. वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर उत्तर पाव अंशाने, म्हणजे सुमारे २६ किलोमीटरने चुकेल. म्हणून प्रयोग तीन-चार दिवस करून सरासरी घ्या.

दोन गावांत एकाच दिवशी प्रयोग केला, तर वर्षातली ही दुरुस्ती दोन्हीकडे सारखीच असते. ती आपोआप वजा होते आणि फक्त रेखांशातला फरक उरतो. १७ मे रोजी गेवराईची मध्यान्ह झाल्यावर ५ तास ३ मिनिटांनी ग्रीनिचची झाली. ३०३ मिनिटांना ४ ने भागा. पुन्हा ७५.७५ अंश!

गेवराई तालुक्यातल्या सर्वच मुलांचा प्रवास विमानाचा नसतो. दर वर्षी दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अनेकांबरोबर छकुलीएवढी लेकरेही असतात. अशा कुटुंबातल्या, कोल्हापूरच्या बाजूला गेलेल्या विद्यार्थ्याला हा प्रयोग कोपीसमोरच्या मोकळ्या जागेत करता येईल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेवराईत राहिलेल्या मित्राने १२-११ ही मध्यान्ह नोंदवली, तर कोल्हापुरात ती १२-१७ च्या सुमारास येईल. सहा मिनिटे म्हणजे दीड अंश. आपण गावापासून पश्चिमेला सुमारे एकशे साठ किलोमीटर आलो, हे त्याला एका काठीवरून स्वतः मोजून सांगता येईल. ग्रीनिचच्या दुर्बिणीने जे मोजले तेच हे मोजमाप आहे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याची नोंदवही तो परत आल्यावर वर्गात जरूर वाचून घ्यावी.